रात्रीच्या वाटीतली बटणे

सोमवार, ३ तारीख

आज आलेल्या वस्तू. टाइमपीस एक, हिरव्या तबकडीचा, साडेअठरा. पडद्यासाठी जाड निळे कापड, सव्वातीन मीटर, सव्वासोळा (दुकानदार अठराच्या खाली येत नव्हता, मी दुकानाची पायरी उतरले तेव्हा आला). पाय शेकायला घमेले एक, जुने पण गळके नाही, चार. ही शंभर पानी वही ताईने पार्सलने धाडली. वही फुकट, पण तिकीट कमी लावलेले, म्हणून सोडवून घ्यायला पाऊण. ताईची जुनी सवय. बटणे आठ, निरनिराळी, शेजारच्या शिंपीणबाईंकडून, तीही फुकट. एकूण साडेएकोणचाळीस.

झोपेवर एवढा खर्च आमच्या दोन्ही घराण्यांत कोणी केला नसेल. झोप ही देवाने फुकट दिलेली वस्तू. पण फुकटची वस्तू हरवली की शोधायला खर्च येतोच.

हे कारखान्यात मोठी क्रेन चालवतात. छपराशी टांगलेल्या खोलीत बसायचे आणि खालचे लोखंड उचलून दुसरीकडे ठेवायचे. एकवीस वर्षे झाली, कधी कोणाला खरचटले नाही. गेल्या आठवड्यात मात्र ह्यांनी एक ओझे ठेवले ते वीतभर चुकीच्या जागी. कोणाला लागले नाही, देवाची कृपा. पण साहेबाने ह्यांचे लाल डोळे बघून कारखान्याच्या डॉक्टरांकडे धाडले. ह्यांनी तिथे कबूल केले की चार महिने झोप नाही. डॉक्टर म्हणाले, एकतीस तारखेला परत बघतो, तोवर झोप रुळावर आली नाही तर वरून खाली उतरवीन आणि फाटकावर बसवीन.

खाली उतरवले की उंचीचा भत्ता गेला. आमच्या लेकीचे नर्सिंगचे शेवटचे वर्ष आहे आणि तिच्या वसतिगृहाची फी त्या भत्त्यातूनच जाते. म्हणजे अठ्ठावीस दिवसांत झोप आणायची आहे. मॅट्रिकला गणितात माझा वर्गात दुसरा नंबर होता. जे मोजता येते ते सुधारता येते, असा माझा आजवरचा अनुभव आहे. साबण, रॉकेल, साखर, सगळे असेच ताळ्यावर आणले. झोप काय मोठी लागून गेली.

मंगळवार, ४ तारीख

पद्धत ठरली ती लिहून ठेवते.

ताई मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे. साठ मुली रात्री साडेनऊला निजवते, म्हणजे तिचा शब्द ह्या बाबतीत शेवटचा. तिचे नियम चार. पहिला, रात्री आठनंतर नवे काम हातात घ्यायचे नाही, अर्धवट राहिलेले सकाळवर टाकायचे. दुसरा, उद्याच्या सगळ्या वस्तू आजच जागेवर मांडायच्या. तिसरा, दिवे मंद करून कोमट पाण्यात पाय. चौथा आणि मुख्य, प्रार्थनेच्या आधी प्रत्येकीने उद्याचे काम मोठ्याने म्हणायचे. ताई लिहिते, मनातले जिभेवर आले की मन रिकामे होते आणि रिकाम्या मनाला झोप लागते.

मोजणी माझी स्वतःची आहे. कारखान्याची घंटा रात्री दर तासाला होते आणि आमच्या खोलीपर्यंत येते असे हे म्हणतात. मी ती लग्नानंतर एकदाही ऐकलेली नाही. दहापासून पहाटे पाचपर्यंत आठ घंटा. ह्यांच्या उशाशी वाटीत आठ बटणे ठेवायची. जी घंटा ऐकू येईल तिचे एक बटण उचलून बशीत टाकायचे. सकाळी बशी मोजायची आणि वहीत लिहायचे. खोटे चालणार नाही, असे ह्यांच्याकडून देवापुढे कबूल करून घेतले.

पडदा आज लागला. ह्यांना स्टुलावर चढून खिळे ठोका म्हटले तर म्हणाले, शिंपी ठोकेल, त्याला कापडातले कळते. शिंपी बिचारा आला. तो स्टुलावर उभा आणि हे खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून, जणू शिंपी काचेचा आहे. दिवसभर छपराला डोके लावून बसणारा माणूस, घरात दोन फूट चढायचे म्हणजे जिवावर येते. पुरुषांचे हे असेच.

(ही ओळ बुधवारी सकाळी.) पहिल्या रात्रीची बटणे सात. निराश झाले नाही. सुरुवातीचा आकडा वाईट असलेला बरा.

गुरुवार, ६ तारीख

सात, सहा. उतार आहे.

आठचा नियम मलाच जड जातो आहे. एरवी मी दहापर्यंत घासपूस, निवडणे, शिवणे करीत असे. आता आठ वाजता हात धुतले की हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. काल शेवटी मांडीवर ठेवले. पण कबूल करायला हवे, सकाळी साडेपाचला उठून जे काम पाऊण तासात होते, त्यालाच रात्री दीड तास लागत होता. डोळे मिटत असताना तांदूळ निवडायचे आणि खडे भातात जायचे. तेव्हा आठ म्हणजे आठ.

दुसऱ्या नियमाप्रमाणे वस्तू मांडल्या. ह्यांचे बूट, मोजे, सदरा, छत्री, डबा. डब्याचे झाकण पोचलेले आहे, फडक्याने बांधून द्यावे लागते. चार महिन्यांपूर्वी पोचवून आणले. कसे विचारले तर "पडला", एवढेच. चांगला पितळी डबा, माझ्या आईने दिलेला. तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते.

चौथ्या नियमाला मात्र ह्यांचे सहकार्य नाही. मी माझी उद्याची कामे म्हटली, दळण, चादरी, शिंपीणबाईंची बरणी परत, लेकीला पत्र. मग ह्यांना म्हटले, आता तुम्ही. हे बराच वेळ घमेल्यात बघत बसले आणि म्हणाले,

"चढायचं. उतरायचं."

मी म्हटले, अहो, हे काय काम झाले का, नीट सांगा. तर म्हणाले, "एवढंच असतं गं." एकवीस वर्षांच्या नोकरीचे दोन शब्द. बोलायला पैसे पडतात की काय कोण जाणे.

रविवार, ९ तारीख

काल रात्री एक बटण. एकच!

सकाळी बशी बघून विश्वास बसेना, वाटी उलटी करून मोजली. सात त्यात, एक बशीत. हे सात वाजेपर्यंत घोरत होते. सुट्टीचा दिवस, म्हणून उठवले नाही. पडद्याचे श्रेय आहे. जाड कापडाने उजेड अडला, उजेड अडला की डोळा लागतो. सव्वासोळा वसूल. ताईला लगेच पत्र टाकले.

दिवसभर हे इतके बरे होते म्हणून सांगू. शेजारच्या शिंप्याशी पत्ते खेळले, हरले, तरी हसले. संध्याकाळी मात्र जेवण नीट गेले नाही. दुपारी शेंगदाणे खाल्ले असतील.

बुधवार, १२ तारीख

रविवारी सात आणि सोमवारी सहा आल्यामुळे मी पडद्यावरचा विश्वास थोडा कमी केला होता. पण काल मंगळवार, काल रात्री पुन्हा एक बटण.

ह्याचे कारण सापडले आहे. काल घमेल्यातल्या पाण्यात पहिल्यांदाच मूठभर जाडे मीठ टाकले होते. शिंपीणबाईंनी सुचवले. मिठाने अंगातला शीण उतरतो. आता मीठ कायम. महिन्याला सव्वा जास्त जाईल, जाऊ दे.

आणखी एक आनंदाची गोष्ट. काल उद्याचे काम म्हणताना ह्यांची गाडी एकदम सुटली. म्हणाले, उद्या क्रेन तेलपाण्यासाठी बंद आहे, खालीच काम आहे, साखळ्या मोजायच्या, कड्या तपासायच्या, गंजलेल्या बाजूला काढायच्या, चांगल्यांना रंग द्यायचा. आणि वर मलाच विचारले, रंगाचे डाग रॉकेलने जातात का. मी म्हटले, बघा, मनात आणले तर तुम्हाला किती छान म्हणता येते. ताईचा चौथा नियम हळूहळू पचनी पडतो आहे.

रविवार, १६ तारीख

बुधवार ते शुक्रवार सात, सात, सहा. काल शनिवारी एक. मीठ तर चारही रात्री होते. माप तेच, मूठ तीच. काही समजत नाही, पण एकाचा आकडा येतो म्हणजे यायची ताकद आहे. सातत्य तेवढे आणायचे.

सकाळी गाद्यांना ऊन द्यायचे ठरवले. आमची गच्ची चौथ्या मजल्यावर, तिला कठडा गुडघ्याएवढा. ह्यांना म्हटले, एवढ्या गाद्या वर नेऊन टाका. ह्यांनी त्या जिन्याच्या शेवटच्या वळणापर्यंत नेल्या आणि तिथेच भिंतीला लावून ठेवल्या. म्हणाले, इथेही ऊन येतं. तिथे ऊन येते ते कवडशाएवढे. मी रागावून स्वतःच वर नेल्या. खाली आले तर ह्यांनी न सांगता सगळी भांडी घासून ठेवलेली. म्हणजे आळस म्हणावा तर तोही नाही.

काल दुपारी ताईचे उत्तर आले, ह्या वेळीही तिकीट कमी. लिहिते की साठपैकी एकोणसाठ मुली ढाराढूर झोपतात. एक अकरा वर्षांची मुलगी आहे ती तिचे रजिस्टर बिघडवते. उद्याचे काम विचारले की पुटपुटते, "उद्या उठायचं," पुढे काही नाही, आणि मग रात्रभर टक्क जागी. ताईने आता तिला ते दोनदा आणि खणखणीत म्हणायला लावले आहे. मलाही तोच सल्ला. पुटपुटण्याने मन रिकामे होत नाही.

आजपासून ह्यांनाही दोनदा.

बुधवार, १९ तारीख

आठ. आठ. आठ.

बशी भरलेली, वाटी रिकामी. तीन दिवस झाले. मीठ आहे, पडदा आहे, दिवे मंद आहेत. आठनंतर मी झुरळसुद्धा मारीत नाही. हे दोनदा, खणखणीत, म्हणतात. "चढायचं, उतरायचं. चढायचं, उतरायचं." कवायतीसारखे. मग दिवा मालवते आणि मला लगेच झोप लागते. सकाळी बघते तो हे बूट हातात घेऊन खाटेच्या कडेला बसलेले. घातलेले नाहीत, नुसते धरलेले.

आज वहीत खरे लिहिते. मला भीती वाटली. ह्यांचे गाल बसले आहेत. बारा दिवस उरले. भत्ता गेला तर लेकीला काय सांगू हा प्रश्न रोज सकाळी दुधाच्या आधी दारात उभा असतो. देवाजवळ बसले तर प्रार्थनेतही आकडेच येऊ लागले. मग उठले. देवाला हिशेब दाखवायचा नसतो, त्याच्याजवळ तो असतोच.

शिंपीणबाई नळावर भेटल्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "वहिनी, झोप काय उधारी आहे का, रोज दारात उभं राहून मागायला?" आसपासच्या बाया हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर चहा कडू लागला.

तरी पद्धत सोडणार नाही. वही पुरी व्हायच्या आत तिला नावे ठेवायची नाहीत.

बुधवार, २६ तारीख

गाडी रुळावर! शनिवारी तर बशी रिकामी, एकही बटण नाही. आणि रविवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही रात्री दोन, दोन, दोन. असा सलग चांगला आकडा महिन्यात आला नव्हता. ह्यांना म्हटले, आता डॉक्टरांपुढे छाती काढून जा. हे "हं" म्हणाले. डोळे अजून लाल आहेत, पण ते हळूहळू निवळतील. जुना शीण एकदम जात नसतो.

लेकीला लिहिले की काळजी करू नकोस, फी वेळेवर येईल.

गुरुवार, २७ तारीख

काल रात्रीही दोन.

बशी धुवायला घेतली आणि हात थांबला. दोन बटणे, एक तांबडे आणि एक पितळी. काल काय होती? तांबडे आणि पितळी. परवा? नीट आठवले, पितळीच्या भोकात अडकलेला धागा मी परवाच काढला होता. अंधारात वाटीत हात घालून उचललेली बटणे रोज तीच कशी येतील?

आणि दुसरे. तीस वर्षे घरखर्च लिहिते आहे, पण सलग चार दिवस सारखा खर्च माझा कधी झाला नाही. दुधाचासुद्धा नाही. आकडा फार शहाण्यासारखा वागू लागला की समजावे, त्याला कोणीतरी शिकवले आहे.

म्हणजे हे दिवा मालवताच दोन बटणे बशीत टाकून मोकळे होत होते. माझ्यासाठी. देवापुढे कबूल केलेले मोडून.

राग आला नाही, हे मलाच नवल. त्या चार रात्री काट मारून वगळल्या आणि उरलेला महिना घेऊन बसले. दुपारचे काम पडून राहिले. आधी पडद्याप्रमाणे बेरीज केली, जमेना. मिठाप्रमाणे केली, त्याहून जमेना. मग साधे वार पाडले, जसे दूधवाल्याच्या हिशेबाला पाडते.

शनिवार, एक, एक, शून्य. तीन शनिवार मिळून दोन बटणे. बाकी सगळे वार सहा, सात, आठ. आणि त्यांच्यात एकटाच उभा एक मंगळवार, त्याचे एक बटण.

शनिवारनंतर रविवार येतो. रविवारी हे कामावर जात नाहीत. पण त्या मंगळवारनंतर तर बुधवार होता, कामाचाच दिवस. मागची पाने उलटली. मीठ, मीठ, असे मीच मोठ्या अक्षरात लिहिले होते. त्याच्या खाली बारीक अक्षरात, मीच, की क्रेन बंद, खालीच काम.

पान तसेच उघडे ठेवून बराच वेळ बसले. मग स्टूल आठवले. गाद्या आठवल्या. जिन्याचे शेवटचे वळण. ह्यांनी महिनाभर रोज रात्री दोन शब्दांत सांगितले होते आणि मी म्हटले होते, नीट सांगा.

शुक्रवार, २८ तारीख

आज आठ वाजता दोघांचे पाय एकाच घमेल्यात ठेवले. मीठ टाकले नाही. उद्याचे काम विचारले नाही. हे वाट बघत होते. शेवटी स्वतःच "चढायचं" म्हणायला तोंड उघडले, तेव्हा मी हात धरला आणि विचारले, वर जायच्या शिडीला पायऱ्या किती.

"त्रेचाळीस," हे म्हणाले. विचार न करता.

"नोकरी लागली तेव्हापासून माहीत आहेत?"

"तेव्हा कोण मोजत होतं."

"मग कितवी?"

पाणी गार झाले. मी पुन्हा विचारले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एकतिसावी."

मग हळूहळू आले सगळे. चार महिन्यांपूर्वी त्या पायरीला तेल लागलेले होते. पाय सुटला. एका हाताने शिडी धरली आणि लोंबकळले, किती वेळ ते सांगता येत नाही, दोन श्वास असतील. दुसऱ्या हातातला डबा सुटला. डबा खाली आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला, असे हे म्हणाले. तो वेळच अजून कानात आहे. आजूबाजूला कोणी नव्हते. पाय पुन्हा पायरीवर घेतला, वर गेले, दिवसभर काम केले, संध्याकाळी उतरले, डबा उचलून घरी आले.

आणि घरी आल्यावर मी झाकणावरून दोन दिवस अबोला धरला होता.

"रोज रात्री तू विचारतेस, मी म्हणतो चढायचं," हे म्हणाले. "मग तू दिवा मालवतेस, झोपतेस, आणि मी चढायला लागतो. एकतिसावीपाशी घंटा होते. बटण टाकतो. पुन्हा पहिल्यापासून. उतरायचं म्हणतो ना, ते उतरणं रात्रीत एकदाही येत नाही."

मी विचारले, मला का नाही सांगितले. म्हणाले, "पोरीचं एक वर्ष राहिलंय." आणि थोड्या वेळाने, "तुला कसं कळलं?"

"बटणांनी सांगितलं," मी म्हटले. "तुम्हाला चोरीसुद्धा नीट करता येत नाही. रोज तीच दोन."

तेव्हा हे हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंड पंच्यात लपवले. मी दुसरीकडे बघितले. एवढे तरी कळते.

मग सांगितले ते असे. वर्ष पोरीचे आहे आणि ते मी पुरे करीन, कसे ते माझ्यावर सोडा. पायरी तुमची आहे. ती आता पुरे.

(सकाळी लिहिते.) रात्रीची बटणे तीन. तांबडे, पांढरे, काळे. खरी.

शनिवार, २९ तारीख

शिंपीणबाईंकडे गेले. शाळांचे गणवेश शिवायचे दिवस आहेत आणि काजे करायला त्यांना माणूस हवेच होते. रोज चाळीस काजे, सकाळी साडेपाच ते सात आणि दुपारी. भत्त्याचा तीन चतुर्थांश तिथेच भरून निघतो, उरलेला पाव माझ्या वहीत कुठे ना कुठे सापडेल. शिंपीणबाई म्हणाल्या, रात्री दोन तास बसलात तर पुरा भरेल. मी म्हटले, आठनंतर नाही. त्या म्हणाल्या, अजून ते नियमाचं वेड आहेच का. मी म्हटले, नियम वाईट नव्हते, एक सोडून.

काजे त्यांना ओळीत घालून दाखवली. म्हणाल्या, वहिनी, हात चांगला आहे. मला ते आधीच माहीत होते.

सोमवार, ३१ तारीख

डॉक्टरांकडे मीही गेले. कारखान्याच्या त्या खोलीत बायका जात नाहीत, पण वही माझी होती.

वाटेत ह्यांना म्हटले होते की मी बोलू का. नको म्हणाले. आत गेल्यावर खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि चार वाक्यांत सगळे सांगितले, पायरीच्या आकड्यासकट. डॉक्टर म्हणाले, हे तेव्हाच का नाही बोललात, तुमच्या ओझ्याखाली माणसं चालतात. हे म्हणाले, "म्हणूनच आलो."

डॉक्टरांनी वही मागून घेतली. पाने उलटीत गेले, मध्ये थांबले.

"बाई, हा मिठाचा काय संबंध?"

"काही नाही. चुकीची नोंद आहे. त्या पानावर काट मारली आहे."

"आणि बटणं?"

"ती बरोबर आहेत."

त्यांनी वारांची बेरीज दोनदा बघितली आणि कागद लिहिला. उद्यापासून हे वर चढणार नाहीत. पण फाटकावरही नाही. क्रेन चालवणाऱ्याला खालचे दिसत नाही, म्हणून खाली उभे राहून त्याला हाताने इशारे देणारा माणूस लागतो. एकवीस वर्षे वर बसलेल्या माणसाइतके ते काम कोणाला कळणार, असे डॉक्टरांनी साहेबासाठी लिहिले आहे. शिडीच्या पायऱ्या रोज पुसाव्यात, असेही. भत्ता गेला. ह्यांनी कागदावर सही केली.

घरी परतताना हे माझ्या पुढे चालत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा मला "जरा सावकाश" म्हणावे लागले.

संध्याकाळी डबा तांबटाकडे टाकून आले, झाकण ठोकून घ्यायला. त्याने दीड मागितला. घासाघीस केली नाही.

आठनंतर घमेल्यात पाय घालून बसलो तर ह्यांनी वही मागितली. पेन्सिलीने माझ्या नावाचा एक रकाना पाडला आणि म्हणाले, महिनाभर माझंच लिहिलंस, आता तुझं मी सांगतो, सगळं ऐकलेलं आहे. दिवा मालवणे साडेनऊ. पहिले घोरणे नऊ चाळीस. बारानंतर आवाज वाढतो. मी म्हटले, हे खोटे आहे. म्हणाले, देवापुढे सांगू का. तो रकाना मी खोडणार नाही, पण ताईला दाखवणारही नाही.

ताईला पत्र लिहिले, त्याची नक्कल इथे ठेवते.

"ती. ताईस, सा. न. वि. वि.

आमच्याकडे झोप आली. सविस्तर भेटीत सांगेन. तुझे तीन नियम लाखमोलाचे आहेत आणि मी ते मरेपर्यंत पाळीन. चौथा मी काढून टाकला. ज्याच्या उद्यामध्ये दळण आणि चादरी आहेत, त्याने खुशाल म्हणावा. ज्याच्या उद्यामध्ये एकतिसावी पायरी आहे त्याला आपण रोज निजताना तिथे नेऊन उभे करतो, आणि स्वतः झोपतो. मी असे चोवीस रात्री केले.

म्हणून तुला लिहिते. तुझी ती अकरा वर्षांची, रजिस्टर बिघडवणारी. तिला आज रात्री दोनदा म्हणायला लावू नकोस. एकदाही नको. सगळ्या निजल्या की तिच्याजवळ खाली बस, पाय कोमट पाण्यात घाल, तुझेही घाल, आणि एवढेच विचार की उठल्यावर काय आहे. लगेच सांगणार नाही. पाणी गार होईपर्यंत बस.

ती काय म्हणाली ते मला उलट टपाली कळव. ह्या वेळीही तिकीट कमी लागले तरी चालेल, मी पाऊण भरून सोडवून घेईन. पण कळव."